सात किलोवाले गुरुजी

रेश्मानं चेन्नईहून विमानाची तिकिटं पाठवली, तेव्हा अजिनाथ गुरुजींनी ती मोबाईलवर तीनदा वाचली. पहिल्यांदा नावं बरोबर आहेत का ते बघितलं, दुसऱ्यांदा तारीख, आणि तिसऱ्यांदा अगदी तळाला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं वाचलं. हातातली एकच बॅग, माणशी सात किलो. विमानाच्या पोटात टाकायचं सामान, शून्य. दुसरा कुणी असता तर तिथंच कपाळाला हात लावून बसला असता. गुरुजींना आनंद झाला. सगळं बिघडलं ते तिथूनच.

“अप्पा, एकवीस दिवस फिरायचंय आपल्याला,” त्यांची लेक रेश्मा फोनवर म्हणाली. “पाँडिचेरी, रामेश्वर, कन्याकुमारी. दर दोन दिवसांनी हॉटेल बदलणार. मोठ्या बॅगा ओढत कोण बसणार? इकडं जानेवारीतसुद्धा पंखा लागतो, स्वेटर-बिटर आणू नका. तरी सामान जास्त होणार असेल तर आत्ताच सांगा, मी वजन वाढवून घेते.”

“काही गरज नाही,” गुरुजी म्हणाले. “माणसाला लागतं किती?”

हे वाक्य गुरुजींचं ठेवणीतलं. तेहतीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं, ते पोरं विसरली. पण ‘गरजा कमी करा’ हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं, की तिसगावातला पन्नाशीच्या आतला कुठलाही माणूस ते झोपेत म्हणून दाखवील. निरोप समारंभात ते पाऊण तास ह्याच विषयावर बोलले. वडे पार थंड झाले. मुद्दा पटला म्हणून म्हणा किंवा संपला म्हणून म्हणा, टाळ्या मात्र जोरात पडल्या.

गुरुजींच्या पत्नी चांगुणाबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि तव्यावरची भाकरी उलटायची थांबल्या. आता चांगुणाबाईंचा हात भाकरीवर थांबला म्हणजे गोष्ट साधी नव्हे.

“खरंच जायाचं का?” त्या म्हणाल्या. “का पुन्हा आपलं तसंच?”

‘तसंच’ म्हणजे काय ते गुरुजींना पक्कं ठाऊक होतं. लग्नानंतर महाबळेश्वर ठरलं होतं, ते निवडणुकीच्या ड्युटीत गेलं. मग दहा वर्षांनी गोवा ठरलं, ते जनगणनेत गेलं. त्यानंतर ठरवायचंच सोडून दिलं.

“न्हाई, मी म्हनते ते नीट ऐका,” चांगुणाबाई म्हणाल्या. “एकतीस वरसांत मी ह्या घराच्या भायेर पडले ती कुनाच्या तरी कामालाच पडले. लग्नाला, न्हाईतर मैताला, न्हाईतर बाळंतपनाला. गेलं की पदर खवचायचा आन् चुलीम्होरं बसायचं. मला एकदा नुसतंच जायाचंय. कायबी काम नसताना. एवढं एक करा, मग मी तुमाला पुन्हा काय मागनार न्हाई.”

भाकरी जळाली. गुरुजींनी ती मुकाट्यानं खाल्ली आणि शब्द दिला. खोटं कशाला बोला, त्या वेळी त्यांचे डोळेसुद्धा जरासे पाणावले होते. हा शब्द काही झालं तरी पाळायचा असं त्यांनी मनाशी पक्कं केलं, आणि शर्ट घालून तो गावभर सांगायला बाहेर पडले.

स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात सकाळची मंडळी जमलेली होती. त्यांत कृपादान सर होते. कृपादान सर म्हणजे गुरुजींचे शाळेतले जुने सोबती, गुरुजींच्या आधी दोन वर्षं रिटायर झालेले आणि एकदा विमानानं दिल्लीला जाऊन आलेले. एकदाच गेलेले. पण त्या एका प्रवासावर ते अकरा वर्षं बोलत होते, आणि तालुक्यात कुणाचंही विमान उडायचं असलं की आधी सरांना विचारावं लागे.

“सात किलोत एकवीस दिवस?” सर म्हणाले. “अजिनाथ, जमायचं नाही. मी दिल्लीला चार दिवस गेलो होतो, तर अकरा किलो झालं होतं.”

“तुमच्या गरजा जास्त आहेत, सर,” गुरुजी म्हणाले. “मला विचाराल तर सातसुद्धा जास्तच झाले. माझं दोन किलोत भागतं.”

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. तोंडातून निघालं खरं आणि गुरुजींना ते आवडलंही. दुपारपर्यंत ते न्हाव्याच्या दुकानात पोचलं, संध्याकाळी दूध घालायला गेलेल्या पोरांनी त्यांना ‘सात किलोवाले गुरुजी’ म्हणून हाक मारली. गुरुजींनी मान डोलावली. सत्कारच समजले ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीमंत शेठ दारात. श्रीमंत शेठ हा गावातला तूर-बाजरीचा व्यापारी, गुरुजींचाच विद्यार्थी.

“गुरुजी, चेन्नईला निघालात म्हनं. माझ्या मेव्हन्याचा पोरगा तिकडं कंपनीत हाय. भात खाऊन खाऊन पोराचं तोंड आंबलं. दोन किलो बाजरीचं पीठ तेवढं न्या.”

“अरे, पण वजनाची अडचण...”

“कसली अडचन? तुमाला सात किलो हायेत, तुमचं दोनात भागतं. तुमीच तर म्हनलात. मग पाच किलो मोकळंच की!”

गणित बरोबर होतं, आणि ते गुरुजींनीच त्याला चौथीत शिकवलं होतं. पीठ घरात आलं. मागोमाग कृपादान सर आले. त्यांची भाची क्रिस्टीना चेन्नईच्या दवाखान्यात नर्स होती, तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणि नाताळच्या उरलेल्या करंज्या, मिळून पावणेदोन किलो. “करंज्या वरच्या बाजूला ठेव,” सर जाताना म्हणाले, “फुटतात.” ‘जमायचं नाही’ म्हणणारा माणूस असा स्वतःच येऊन ते न जमण्याची व्यवस्था करून जातो, ह्याला काय म्हणावं?

गुरुजी कुणालाही नाही म्हणू शकले नाहीत. नाही म्हणायचं म्हणजे माझ्या गरजा दोन किलोच्या वर आहेत असं कबूल करायचं, आणि ते मेलो तरी करायचं नव्हतं. मग त्यांनी आपलं सामान कमी करायला घेतलं. साबणाची वडी सुरीनं कापून अर्धी केली. पेस्टची नवी ट्यूब अर्धी वाटीत पिळून काढली आणि वाटी चांगुणाबाईंकडं दिली, “टाकून दे.” चार पँटींच्या दोन केल्या, टॉवेल काढून पंचा घेतला, मग पंचाही काढला. गुडघ्याला शेक द्यायची रबरी पिशवी हातात घेऊन ते बराच वेळ उभे होते. शेवटी “हे सगळे देहाचे लाड आहेत” असं म्हणून त्यांनी ती कोनाड्यात परत ठेवली. हे सगळं मोठ्यानं, ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं चाललं होतं.

चांगुणाबाईंनी आपली बॅग आतल्या खोलीत भरली. “माझी मी भरीन, तुमी हात लावू नका,” म्हणाल्या. ती चांगली टम्म फुगलेली बघून गुरुजींना सात्त्विक संताप आला.

“किती लुगडी कोंबलीस? अगं, एकवीस दिवसांना एकवीस पातळं लागत नाहीत. जरा शीक माझ्याकडून काहीतरी.”

“बरं,” चांगुणाबाई म्हणाल्या.

“बायकांना मोह सुटत नाही, हेच खरं.”

“व्हय,” चांगुणाबाई म्हणाल्या आणि चेन लावायला गुडघा बॅगेवर टेकवला.

वजनाचा प्रश्न उरला. गावात भरवशाचा इलेक्ट्रॉनिक काटा एकच, श्रीमंत शेठच्या दुकानातला. दोघांच्या बॅगा मोटारसायकलवर घालून गुरुजी तिथं गेले. बाजारचा दिवस होता, दहा-पंधरा माणसं पोती घेऊन उभी होती. सगळ्यांदेखत गुरुजींनी आपली बॅग काट्यावर ठेवली. लाल आकडे हलले आणि थांबले, सहा किलो नऊशे. चांगुणाबाईंची सहा किलो नऊशे पन्नास. माणसं वा म्हणाली. गुरुजी इतके हरखले, की तिथल्या तिथं पोत्यावर बसून त्यांनी लोकांना दहा मिनिटं गरजांवर दोन शब्द सांगितले. तूर घेऊन आलेल्या माणसांना जायचं कुठं होतं, त्यांनी ऐकून घेतलं.

निघायच्या दिवशी विमान साडेतीनला होतं. तिसगावाहून शिर्डीजवळच्या काकडी गावच्या विमानतळावर जायला तीन तास धरले, वर दोन तास राखून ठेवले आणि गावातल्या छगनची भाड्याची गाडी साडेदहाला बोलावली. कृपादान सर निरोपाला आले, ते शेवटचा सल्ला घेऊनच.

“अंगावरच्या कपड्यांचं वजन धरत नाहीत,” ते हळूच म्हणाले. “दिल्लीला माझ्या शेजारच्यानं तीन शर्ट घातले होते.”

गुरुजी आत गेले आणि बॅगेतले दोन शर्ट व दुसरी पँट अंगावर चढवून बाहेर आले. वर लग्नातला कोट. चालताना दोन्ही पँटी एकमेकींना घासून आवाज होत होता, पण बॅगेत अर्ध्या-पाऊण किलोची सोय झाली. गुरुजींना पहिल्यांदाच वाटलं, की बाबा, जमलं.

तेवढ्यात बायका आल्या. चांगुणा पहिल्यांदा विमानानं चालली म्हणून आळीतल्या बायकांनी ओटी भरायचं ठरवलं होतं. पहिलीनं नारळ, मूठभर तांदूळ आणि खण पदरात घातला. गुरुजी म्हणाले, बरं, एक नारळ. मग दुसरी आली. तिनंही नारळ घातला. पाचव्या नारळाला गुरुजींच्या तोंडून निघून गेलं, “अहो, नारळ नका, नुसतं हळदीकुंकू लावा.”

ओटी नको म्हणणारा नवरा त्या आळीनं तोवर पाहिला नव्हता. चांगुणाबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं, की गुरुजी दोन पँटी सावरत छगनच्या गाडीमागं जाऊन उभे राहिले. तिथं उभ्या उभ्या त्यांनी आठ नारळ मोजले. एका पिशवीत आठ नारळ आणि दीड किलो तांदूळ. ओटीचा नारळ माघारी ठेवायचा नसतो, तो जिची ओटी तिच्याबरोबरच जातो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि सगळ्यांच्या मागून रंगुबाई आली. सत्तरी ओलांडलेली बाई, एका डोळ्याला मोतीबिंदू, काखेत गाठोडं. तिची नात ज्ञानेश्वरी चेन्नईला कॉलेजात शिकत होती आणि हॉस्टेलवर राहत होती.

“गुर्जी, पोरीसाठी गोधडी शिवली. माझीच लुगडी हायेत आतमदी. दोन म्हैने लागलं बगा, सुईत दोरा घालाया कुनी घावत न्हाई.”

“रंगुबाई, तिकडं उकडतं. गोधडी कशाला?”

“तिच्या खोलीला येशी हाय म्हनं. रातचं गार पडतं.”

गुरुजींनी गाठोडं हातात घेतलं. तीन किलोला कमी नव्हतं. त्यांनी परत द्यायला हात पुढं केला, आणि रंगुबाईनं तोच हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला. संपलं.

गाडी निघाली तेव्हा साडेअकरा वाजले होते. पुढं नगरपर्यंत बरं गेलं. नगरहून राहुरीच्या रस्त्याला लागले, आणि पुढं उसाच्या जोडट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, अशा सात. ओलांडायला जागा नाही, मध्येच खड्डे, आणि ट्रॅक्टरवर बसलेला माणूस मागं वळूनसुद्धा बघत नाही. तीन शर्ट आणि कोटात गुरुजी घामानं निथळत होते. “काढा की तो कोट,” चांगुणाबाई म्हणाल्या. “ह्याच्या खिशात तुझ्या ओटीतले तांदूळ आहेत,” गुरुजी म्हणाले. नाहीतरी पिशवी फाटायलाच आली होती.

विमानतळाच्या दारात छगननं त्यांना उतरवलं आणि पहारेकऱ्याची शिट्टी वाजायच्या आत गाडी काढली. त्याला शिर्डीहून मनमाडचं गिऱ्हाईक मिळालं होतं. दोघं आत शिरले तेव्हा घड्याळात दोन वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती.

तपासणीच्या अलीकडं विमान कंपनीची एक मुलगी काटा घेऊन उभी होती. छातीवर नाव, संस्कृती. बोलायला गोड, पण काट्याला पक्की. गुरुजींनी तिला नमस्कार केला, मोबाईलवरची तिकिटं दाखवली आणि ऐटीत आपली बॅग काट्यावर ठेवली.

“सात किलो दोनशे, काका.”

“शक्यच नाही. मोजून आणलंय. उलट मी त्यातले कपडे काढून घातलेत!” असं म्हणून गुरुजींनी पुरावा म्हणून कोट उघडून तीन कॉलरी दाखवल्या. रांगेतलं कुणीतरी हसलं.

“काकूंची बॅग सात नऊशे पन्नास. आणि ही पिशवी? हे गाठोडं? काका, एका माणसाला एकच बॅग.”

गुरुजींनी तिथूनच श्रीमंत शेठला फोन लावला. “अरे, तुझा काटा खोटा आहे! किलोचा फरक पडतोय!”

“खोटा न्हाई, गुर्जी,” श्रीमंत शेठ शांतपणे म्हणाला. “त्यात पोत्यामागं किलोभर बारदान, म्हंजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा धरलेलं असतंय. कायमचंच सेटिंग हाय ते. तुमी बिनपोत्याचं ठिवलं, त्याला मी काय करू?”

गुरुजींनी फोन बंद केला. दर साली घरची तूर घालून आल्यावर ‘श्रीमंत पोत्यामागं किलो खातो’ म्हणून त्याच्या नावानं शंख करणारे ते स्वतःच. तोच काटा, तोच किलो. फक्त ह्या खेपेला आकडा आपल्या सोयीचा आला, म्हणून त्यांना तो खरा वाटला होता.

“मग हे पोटात टाका विमानाच्या,” गुरुजी म्हणाले. “काय लागतील ते भरतो.” तत्त्व गेलं खड्ड्यात, त्यांना आता फक्त दिलेला शब्द दिसत होता.

“ते काउंटर अडीचला बंद झालं, काका. बारा मिनिटं आधी आला असता तर झालं असतं. आता हातातले सात किलोच. नको असेल ते त्या डब्यात टाका. तीन वाजून पाच मिनिटांनी गेट बंद होईल.”

कोपऱ्यात प्लॅस्टिकचा मोठा डबा होता. त्यात कुणाचं लोणचं, कुणाचं तेल पडलेलं होतं. गुरुजींनी आपली बॅग फरशीवर उघडली. त्यात त्यांचं स्वतःचं असं एक धोतर, दोन बनियन, अर्धी साबणवडी आणि अर्धी पेस्ट होती. बाकी बाजरीचं पीठ, चटणी, करंज्या आणि श्रीमंत शेठनं मागाहून घुसवलेले खारे शेंगदाणे. दुसऱ्याच्या पोरांचा खाऊ डब्यात कसा टाकायचा? आणि गावाला तोंड कसं दाखवायचं? त्यांनी नजर वळवली आणि ती बरोबर त्या टम्म फुगलेल्या बॅगेवर जाऊन पडली.

“तुझी उघड,” ते चांगुणाबाईंना म्हणाले. “सांगत होतो, लुगडी कमी भर. आता बघ, तुझ्यापायी विमान चुकायची पाळी आली.”

चांगुणाबाईंनी बॅग फरशीवर आडवी केली. त्यांनी चेन ओढली. वर आली ती गुडघ्याला शेकायची रबरी पिशवी. मग टॉवेल. मग पंचा. मग गुरुजींच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, एकवीस दिवसांच्या, कागदात रोजच्या रोज बांधलेल्या. इसबगोलचा डबा. सकाळी कोमट पाणी प्यायचा त्यांचा तांब्या, कारण दुसऱ्या भांड्यात त्यांना चव लागत नाही. त्यांची उशी, कारण दुसऱ्या उशीवर मान धरते. मफलर. दुसरा चष्मा. झाकणाच्या डबीत भरलेली ती टाकून द्यायला सांगितलेली अर्धी पेस्ट. आणि सगळ्यांत शेवटी केसांच्या कलपाची बाटली. संस्कृतीनं ती उजेडात धरून नीट वाचली आणि गुरुजींच्या डोक्याकडं बघितलं. रांगेतल्या माणसांनीही बघितलं. तळाला एक घडीचं पातळ, एक ब्लाउज, परकर, फणी आणि कुंकवाची डबी होती. बॅग संपली.

“काकू, एवढं सगळं कुणाचं?” संस्कृतीनं विचारलं.

“ह्यांचं,” चांगुणाबाई म्हणाल्या. “ह्यांच्या गरजा कमी हायेत ना, म्हनून मला घ्यावं लागतं.”

टोमणा मारायचा म्हणून त्या म्हणाल्या नाहीत. विचारलं म्हणून सांगितलं. गुरुजींना वाटलं, ही फरशी आत्ता फाटली तर बरं होईल. ती चांगली ग्रॅनाइटची होती, फाटली नाही.

दोन वाजून छप्पन मिनिटं झाली. गोळ्या टाकता येत नव्हत्या. पीठ, चटणी त्यांनी मन घट्ट करून डब्यापाशी नेली आणि परत आणली. गोधडीचं गाठोडं तर त्यांच्यानं डब्याकडं नेववेना. त्यावरचे टाके वाकडेतिकडे होते, जिथं रंगुबाईला दिसलं नव्हतं तिथं दोनदोनदा घातलेले.

“हे इथं कोपऱ्यात ठेवतो,” त्यांनी बंदूकवाल्या जवानाला विनवलं, “कुणालातरी न्यायला पाठवतो.”

“लावारिस सामान नहीं चलेगा,” जवान म्हणाला. “आदमी साथ में चाहिए।”

छगनला फोन लावला, तो लागेना. पुन्हा लावला, लागेना. पुढचं विमान कधी असं विचारलं तर संस्कृती म्हणाली, परवा, पण जागा नाही. गुरुजींनी घाम पुसला. मग हिशेबी माणसाच्या आवाजात ते म्हणाले, “म्हणजे सामानापाशी कुणीतरी एकानं थांबायला पाहिजे.”

आणि त्यांनी चांगुणाबाईंकडं बघितलं. मुद्दाम नाही हो. मनात तसं काही नव्हतंही. एकतीस वर्षांत कुणीतरी थांबायची वेळ आली की मान आपोआप तिकडंच वळायची, तशीच आताही वळली.

चांगुणाबाईंनी त्या नजरेकडं नजर लावून बघितलं. मग खाली वाकल्या आणि आपल्या बॅगेतली उशी, रबरी पिशवी, तांब्या, टॉवेल, गोळ्या, सगळं एकेक करून गुरुजींच्या हातांत दिलं.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “थांबा तुमी.”

“अगं, पण एकटी? तिकडची भाषा...”

“रेश्मा येनार हाय ना उतरवून घ्यायला? आन् विमान मधी कुठं थांबत न्हाई म्हनत्यात. मग मी चुकंन कशी?” त्या संस्कृतीकडं वळल्या. “बाई, मोज गं आता.”

काट्यावर आकडा आला, नऊशे ग्रॅम. संस्कृतीनं बॅगेला चिठ्ठी अडकवली. पलीकडं जायच्या आधी चांगुणाबाई एकदा वळल्या. “दोन गोळ्या सकाळी, एक राती जेवल्यावर. आन् त्या दोन पँटींतली एक काढा, उबारा बसंल,” असं म्हणून गेल्या. नारळाच्या पिशवीकडं त्यांनी मान वळवूनही बघितलं नाही.

गुरुजी बाहेर पडायला निघाले तर दारातल्या जवानानं अडवलं. आत आलेला प्रवासी असा बाहेर जाऊ शकत नाही. आधी कंपनीनं तिकीट रद्द केल्याची चिठ्ठी द्यायची, मग त्यावर साहेबाची सही, मग वहीत नोंद. साहेब कुठं? जेवायला. कधी येतील? “आयेंगे।” ज्याला विमानात बसता येत नाही आणि घरीही जाता येत नाही असा माणूस अख्ख्या जिल्ह्यात त्या घटकेला एकच असेल, आणि तो लोखंडी खुर्चीत बसला होता. मांडीवर गोधडी, गोधडीवर उशी, एका बगलेत तांब्या, दुसऱ्या बगलेत पीठ, पायाशी आठ नारळ. खिशातले तांदूळ दर थोड्या वेळानं खुर्चीखाली सांडत होते.

कृपादान सरांचा फोन आला. “काय अजिनाथ, पोचलात ना वेळेवर? सात किलोत बसलं का?”

“बसलं,” गुरुजी म्हणाले. “किलोच्या आत बसलं.” आणि सर दिल्लीचं सुरू करायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

रडू येईल की काय असं त्यांना वाटायला लागलं. निवडणुकीनं बुडवलं तेव्हा सरकारला शिव्या देता आल्या, जनगणनेच्या वेळीही देता आल्या. आज द्यायला कुणी नव्हतं. ती एकटी त्या गर्दीत कुठं उभी असेल, पट्टा लावता येईल का, कुणी हिडीसफिडीस तर करणार नाही ना, असलं काहीबाही मनात येत राहिलं. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. चांगुणाबाई होत्या.

“अहो, बसले वो मी. खिडकीशी.”

“पट्टा लावला का?”

“लावला, त्या पोरीनं. बंद करा म्हनतीय आता फोन.”

मग त्या काही बोलेनात. मागं कुणीतरी इंग्रजीत काहीतरी सांगत होतं.

“काय झालं?” गुरुजींनी घाबरून विचारलं. “भीती वाटते का?”

“न्हाई वो, भ्या कसलं. हातात कायच न्हाई बगा. मांडीवर पोर न्हाई, पिशवी न्हाई, डबा न्हाई. हात कुठं ठिवावं तेच कळंना मला.”

गुरुजींनी बगलेतून निसटणारा तांब्या सावरला.

“ठेवूच नकोस कुठं,” ते म्हणाले. “राहू दे तसेच मोकळे.”